गाडीवरचे डांबर काढताना

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी नीट धुवायला घेतली की वर्षभर नजरेआड राहिलेल्या अनेक गोष्टी दिसू लागतात. कुठे बारीकसा ओरखडा, कुठे दाराच्या कडेला गंजाची सुरुवात, आणि चाकांच्या मागे, दरवाजांच्या खालच्या भागात पसरलेले काळे ठिपके. हे ठिपके पाण्याने जात नाहीत, साबणाने जात नाहीत. नखाने खरवडावे तर रंगावर तपकिरी फराटा उठतो. झेंडूचे तोरण बांधायची वेळ जवळ आलेली असते. मग स्वयंपाकघरातली भांड्यांची हिरवी घासणी आणली जाते आणि दहा मिनिटांत ठिपके नाहीसे होतात. त्यांच्या जागी उमटलेले धुरकट, निस्तेज पट्टे मात्र दुसऱ्या दिवशी, पूजा झाल्यावर, उन्हात दिसतात. डांबर निघालेले असते, पण त्याच्याबरोबर रंगावरचा संरक्षक थरही निघालेला असतो. डांबराच्या ठिपक्यांनी गाडीचे जेवढे नुकसान होते, त्याहून किती तरी अधिक नुकसान ते काढण्याच्या घाईने होते.

रस्त्यांची कामे आणि सणांचा प्रवास यांची महाराष्ट्रात वर्षानुवर्षे गाठ पडत आली आहे. भर पावसात गरम डांबराचे काम करता येत नाही. त्यामुळे गणेशोत्सवापूर्वी खड्डे बुजविण्याची लगबग असते, तर खऱ्या डांबरीकरणाला पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून वेग येतो आणि ते मे महिन्यापर्यंत चालते. दिवाळीत गावी जाणारी, नाताळात कोकणात उतरणारी वा उन्हाळ्यात महाबळेश्वर गाठणारी गाडी नव्याने डांबर पडलेल्या रस्त्यावरून जाणारच. तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या बहुतेक वाहनधारकांपुढे उभा राहतो.

मराठीत सरसकट डांबर म्हटले जाते त्या नावाखाली वस्तुतः दोन निराळे पदार्थ येतात. एक दगडी कोळशापासून कोक तयार करताना मिळणारे डांबर. कपाटात ठेवायच्या नॅफ्थलीनच्या गोळ्यांना आजही डांबरगोळ्या म्हणतात, कारण नॅफ्थलीन मूळचे या कोळशाच्या डांबरातून मिळते. रस्त्यावर पडते ते मात्र दुसरे. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे हलके भाग काढून घेतल्यावर तळाशी जो जड, काळा, चिकट भाग उरतो तो रस्त्याचे डांबर होय. अभियंते त्याला बिटुमेन म्हणतात. हा भेद केवळ शब्दांचा नाही. रस्त्यावरचे डांबर हे रॉकेल आणि डिझेलचे सख्खे भावंड आहे, एकाच तेलातून निघालेले. पाण्याशी त्याचे काही नाते नाही. ते कशाने निघेल आणि कशाने निघणार नाही याचे उत्तर या नात्यातच आहे.

फणस कापणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. फणस फोडण्यापूर्वी हाताला आणि विळीला तेल लावायचे, आणि तरीही चीक लागलाच तर तो पाण्याने धुवायचा नाही, तेलाने सोडवायचा, हे कोकणातल्या घराघरात ठाऊक असते. चीक तेलात सुटतो, मग तेल साबणाने जाते. गाडीवरचे डांबर काढण्याची रीत तत्त्वतः एवढीच आहे. पुढचे सारे या दोन पायऱ्यांचे तपशील आहेत. फरक इतकाच, की हाताच्या कातडीला घासणे सोसते, गाडीच्या रंगाला ते सोसत नाही.

डांबर गाडीवर येते कसे

डांबर आणि खडी यांचे गरम मिश्रण दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तयार होते आणि पसरून त्यावर रोलर फिरवला जातो. दबून थंड झालेल्या अशा थरातून डांबर सहसा उडत नाही. धोका असतो तो दोन ठिकाणी. पहिले म्हणजे नवा थर घालण्यापूर्वी जुन्या रस्त्यावर फवारलेले पातळ डांबर, ज्याला टॅक कोट म्हणतात. दर चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास असा हा पातळ लेप असतो. त्यावरून वाहने सोडणे अपेक्षित नसते, परंतु एकेरी वाहतूक चालू ठेवून काम करताना कडेची चाके त्यावरून जातातच. दुसरे ठिकाण म्हणजे बारीक खडी टाकून केलेला ताजा सीलकोट. त्यातली मोकळी खडी डांबरासह उडते आणि तिचा मार ठिपक्यापेक्षा वाईट असतो.

टॅक कोटसाठी बहुधा डांबराचे इमल्शन वापरतात. यात डांबराचे सूक्ष्म थेंब पाण्यात मिसळलेले असतात. ताजे असताना त्याचा रंग तपकिरी असतो. पाणी सुटून डांबराचे थेंब एकत्र आले की ते काळे पडते. वाहनधारकाला याचा थेट उपयोग आहे. अंगावर उडालेला शिंतोडा अजून तपकिरी आणि ओला असेल, तर तो भरपूर पाण्याने तेथल्या तेथे धुतला जातो. वाटेत थांबून पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या तरी पुढचे तासाभराचे काम वाचते. एकदा काळे पडले की पाण्याचा मार्ग बंद होतो.

डांबराचे वय जसे वाढते तसे ते कडक होत जाते. हवा आणि ऊन यांनी त्यातील हलके तेलकट भाग उडून जातात वा रंगात मुरतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर महिनोन्‌महिने राहिलेला ठिपका काढल्यावर खाली पिवळट डाग उरतो, त्याचे कारण हेच. म्हणून प्रवासाहून आल्यावर दोन-चार दिवसांत डांबर काढावे. मात्र आल्या आल्या, उन्हात तापलेल्या गाडीवर हात घालू नये. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर सर्रास वापरली जाणारी ‘व्हीजी-३०’ ही डांबराची प्रत भारतीय मानकानुसार किमान ४७ अंशांना मऊ होते. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा याहून सहज अधिक तापतो. अशा वेळी ठिपका पुसला जात नाही, पसरतो.

रंग किती जाड असतो

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, मूळ रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, वर्तमानपत्राच्या एका पानाहूनही पातळ. गाडीची चकाकी या थराची असते आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही तोच करतो. भांड्यांच्या हिरव्या घासणीत धार लावायच्या दगडासारखे कठीण कण असतात. तिच्या चार-सहा फटक्यांत या थरावर असंख्य ओरखडे उमटतात. ते घालविण्यासाठी रबिंग कंपाऊंड आणि पॉलिश करावे लागते. पॉलिश म्हणजे काही तरी चढविणे असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात त्यात ओरखड्याच्या तळापर्यंतचा थर घासून उतरविला जातो. हे एकदा चालते, दोनदा चालते. पुढे क्लिअर कोट इतका पातळ होतो की काही उन्हाळ्यांनंतर त्याचे पापुद्रे सुटू लागतात, आणि मग दरवाजा नव्याने रंगविण्याखेरीज मार्ग राहत नाही. तो खर्च काही हजारांत जातो. शिवाय जुन्या रंगाशी नवा रंग तंतोतंत जुळेलच याची हमी नसते, विशेषतः चंदेरी आणि मेटॅलिक छटांत.

जुन्या गाड्यांवर, तसेच काही साध्या पांढऱ्या-लाल रंगांवर क्लिअर कोट नसतो. रंग हाच वरचा थर असतो. अशा गाडीवर पुसताना फडक्याला किंचित रंग लागला तर तो घासण्याने सुटलेला रंग असू शकतो, फक्त हात हलका करावा. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर मात्र फडक्याला गाडीचा रंग दिसला की तत्काळ थांबावे. वरचा थर भेदला गेल्याची ती खूण आहे.

काढण्याची रीत

काम सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना करावे. प्रथम गाडी साध्या पाण्याने आणि गाडीच्या शॅम्पूने धुवावी. ही पायरी गाळण्याचा मोह होतो, कारण आपल्याला काढायचे असते डांबर, धूळ नव्हे. परंतु डांबराला चिकटलेली आणि भोवती साचलेली वाळू पुसताना फडक्याखाली आली की तीच घासणीचे काम करते. सोसायटीत सकाळी एकाच बादलीत दहा गाड्या पुसल्या जातात, त्या बादलीचे पाणी आणि ते फडके या कामाला अजिबात वापरू नये.

गाडी कोरडी झाल्यावर द्रावक घ्यावे. वाहनांच्या सामानाच्या दुकानात डांबर काढण्यासाठी म्हणून मिळणारे फवारे मुख्यतः खनिज तेलापासून बनलेले असतात आणि रंगाला जपून तयार केलेले असतात. ते उपलब्ध असेल तर दुसरे काही शोधण्याचे कारण नाही. घराघरात बिजागऱ्यांसाठी असलेला डब्ल्यूडी-४० चा फवाराही याच जातीचा असून तो डांबरावर चालतो. रंगाच्या दुकानात ऑइल पेंट पातळ करण्यासाठी मिळणारे टर्पेंटाइन हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. कोणतेही द्रावक असो, आधी दाराच्या आतल्या कडेवर, सहज न दिसणाऱ्या जागी, फडक्याने थोडे लावून मिनिटभराने पाहावे. रंग मऊ पडला, चिकट लागला किंवा फडक्यावर उतरला तर ते द्रावक त्या गाडीसाठी नाही.

यानंतर खरी युक्ती आहे ती थांबण्याची. द्रावक ठिपक्यावर लावावे, किंवा त्यात भिजविलेला कापसाचा बोळा ठिपक्यावर दाबून ठेवावा, आणि एक-दोन मिनिटे काहीही करू नये. ठिपक्याच्या कडेने तपकिरी ओघळ सुटू लागला की डांबर विरघळते आहे असे समजावे. मग मऊ सुती किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याने, जोर न लावता, एकाच दिशेने उचलल्यासारखे पुसावे. गोल गोल घासू नये. प्रत्येक पुसण्याला फडक्याची स्वच्छ घडी वापरावी, नाही तर एका ठिपक्याचे डांबर पुढच्या फूटभर जागेवर सारवले जाते. न निघालेल्या ठिपक्यावर जोर लावण्याऐवजी पुन्हा द्रावक लावावे. तीनदा लावून निघणारा ठिपका तीनदाच लावून काढावा. द्रावक रंगावर वाळू मात्र देऊ नये. एका वेळी हातभर जागा घेतली तर हे साधते.

डांबराचा गोळाच चिकटला असेल तर तो मऊ झाल्यावर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने, कार्ड जवळजवळ आडवे धरून, वरचा भाग अलगद सरकवावा. ब्लेड, नाणे, चावी यांना येथे स्थान नाही. अपवाद काचेचा. समोरच्या वा मागच्या काचेवरचे डांबर द्रावकाने निघतेच, पण ते काढल्याशिवाय वायपर चालवू नये, एवढे ध्यानात ठेवावे.

घरात काहीच नसेल तर खोबरेल वा गोडे तेल चालते. त्याला वेळ मात्र लागतो, अर्धा तास किंवा त्याहून अधिक, आणि जुन्या कडक डांबरापुढे त्याचे फारसे चालत नाही. परंतु ताज्या ठिपक्यांसाठी, आणि ज्यांना रंगाची अतोनात काळजी आहे त्यांच्यासाठी, याहून निर्धोक काही नाही. हाताला लागलेले डांबरही तेलानेच काढावे.

सर्व ठिपके निघाले की शॅम्पूच्या पाण्याने तो भाग पुन्हा धुवावा. द्रावकाचा तेलकट थर राहिला तर त्यावर धूळ बसते. हाताची पाठ फिरवून रंग काचेसारखा गुळगुळीत लागतो का ते पाहावे. बारीक खरखर राहिली असल्यास क्ले बार नावाची मऊ मातीसारखी वडी मिळते. साबणाच्या पाण्याने रंग ओला ठेवून ती हलकेच फिरविली की उरलेसुरले कण तिच्यात अडकतात. वडी जमिनीवर पडली तर ती फेकून द्यावी, वाळू लागलेली वडी रंगावर फिरवू नये. शेवटी मेणाचा म्हणजे वॅक्सचा एक हात द्यावा. द्रावकाने डांबराबरोबर जुने वॅक्सही काढून टाकलेले असते आणि तो भाग उघडा पडलेला असतो.

रॉकेल, पेट्रोल आणि थिनर

एके काळी या कामाचे सर्वमान्य औषध रॉकेल होते. ते काम करते यात शंका नाही. शहरात रेशनवरचे रॉकेल आता सहजासहजी मिळत नाही, तरी कुठे तरी बाटलीभर ठेवलेले असतेच. ते वापरायचे तर फडक्यावर घेऊन ठिपक्यापुरते वापरावे आणि लगेच धुवावे. पेट्रोलचा विचार मात्र करूच नये. टाकीतून नळीने थोडे काढून पुसण्याची पद्धत अजूनही दिसते. पेट्रोल इतके झपाट्याने उडते की डांबर विरघळून उचलले जाण्याआधीच पातळ थर होऊन पसरते आणि तेथेच वाळते, म्हणजे काम म्हणूनही ते निकृष्टच. त्याहून मोठे कारण आगीचे आहे. रॉकेलची वाफ पेट घेण्याजोगी होण्यास भारतीय मानकानुसार किमान ३५ अंश तापमान लागते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेते. ती हवेहून जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते. इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये, जिथे हवा खेळत नाही, तिथे काही हात अंतरावरच्या स्विचची ठिणगीही पुरते. उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा रॉकेलही निर्धोक राहत नाही.

आणखी एक गोष्ट या कामात हमखास विसरली जाते. रॉकेल किंवा टर्पेंटाइन ओतून घेतलेला पेला, शीतपेयाची बाटली किंवा वाटी जमिनीवर तशीच राहते. भारतात लहान मुलांच्या विषबाधेच्या नेहमीच्या कारणांत रॉकेल पिणे हे एक आहे, आणि ते बहुधा अशाच बाटल्यांतून प्यायले जाते. असे घडल्यास मुलाला उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर रॉकेल फुफ्फुसात उतरते. ताबडतोब रुग्णालय गाठावे. द्रावक नेहमी मूळ डब्यातून थेट फडक्यावर घ्यावे, म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही. भिजलेले बोळे आणि फडकी गाडीच्या डिकीत टाकू नयेत, उघड्यावर वाळू द्यावीत.

राहिले थिनर. रंगाच्या गॅरेजमधील थिनर डांबर क्षणात काढते, आणि पाठोपाठ रंगही. नखांचे पॉलिश काढण्याचे ॲसिटोन त्याच पंक्तीतले. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग थिनरपुढे थोडा काळ टिकतो, म्हणून एखाद्याचा अनुभव चांगला असतो. पण अपघातानंतर साध्या गॅरेजमध्ये रंगविलेला दरवाजा असेल तर त्यावर अनेकदा हवेत वाळणारा लॅकर रंग असतो आणि तो थिनरने सरळ विरघळतो. गाडी जुनी विकत घेतलेली असल्यास कोणता भाग पुन्हा रंगविलेला आहे हे मालकाला ठाऊकही नसते. नुकताच रंगविलेला भाग तर काही आठवडे कोणत्याही द्रावकापासून दूरच ठेवावा.

कुठे हात आखडावा

दारांच्या आणि खिडक्यांच्या रबरी पट्ट्या, टायर यांना खनिज तेलाची द्रावके लागू देऊ नयेत. रबर फुगते आणि पुढे चिरते. आजच्या गाड्यांच्या दिव्यांच्या काचा काचेच्या नसून पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकच्या असतात. ॲसिटोन, थिनर व पेट्रोल यांनी त्यावर धुके येते आणि बारीक तडे पडतात. तेथे गोडे तेल आणि सबुरी हाच उपाय. रंग न दिलेल्या काळ्या प्लॅस्टिक भागांवर वॅक्स लागले तर पांढरट डाग राहतात. रंगावर पारदर्शक संरक्षक फिल्म बसविलेली असल्यास ती बसविणाऱ्याच्या सूचनेबाहेर काही लावू नये.

चाकांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. अलॉय रिमवरचे डांबर काढताना फवारा थेट मारला तर तो आतल्या ब्रेक डिस्कवर जातो. तेलकट डिस्कवर ब्रेक लागत नाही. द्रावक फडक्यावर घेऊनच रिम पुसावी, आणि मोटारसायकलच्या उघड्या डिस्कजवळ तर फवारा नेऊच नये.

गाडीच्या खालच्या बाजूला लागलेले डांबर आहे तसे राहू द्यावे. समुद्रकाठच्या शहरांत पत्रा गंजू नये म्हणून गाडीच्या तळाला जो काळा लेप देतात, तो कित्येकदा डांबराचाच असतो. धुलाई केंद्रात गाडी वर चढवून तळावर डिझेल वा रॉकेल फवारण्याची जुनी प्रथा आहे. त्याने तळ चकचकीत होतो आणि पैसे मोजून दिलेला गंजरोधक लेप पातळ होतो.

सगळे काळे वा चिवट ठिपके डांबराचे नसतात हेही लक्षात घ्यावे. करड्या, खडबडीत आणि दगडासारख्या कडक ठिपक्यांना द्रावकाने काहीच होत नसेल तर ते बहुधा सिमेंटचे असतात. मेट्रो वा उड्डाणपुलाच्या कामाखालून जाणाऱ्या गाड्यांवर ते पडतात आणि त्यांचे रसायन सर्वस्वी निराळे आहे. ठिपका डांबराचा असल्याची साधी परीक्षा म्हणजे तेलाचे बोट. तेल लावून पाच मिनिटांनी पांढऱ्या कापसावर तपकिरी रंग उतरला तर ते डांबरच.

डांबर निघून गाडी कोरडी झाल्यावर ठिपक्यांच्या जागा उजेडात एकेक करून पाहाव्यात. उडालेल्या खडीने रंगाचा टवका उडालेला असतो आणि तो बहुधा डांबराखालीच झाकलेला असतो. तळाशी राखाडी प्रायमर दिसत असेल तर घाई नाही. चकाकता पत्रा दिसत असेल, आणि गाडी मुंबई, रत्नागिरी वा पणजीच्या खाऱ्या हवेत राहणार असेल, तर त्याच आठवड्यात टच-अपच्या बाटलीतील थेंबभर रंग काडीने भरावा. रंगाचा सांकेतिक क्रमांक गाडीवरच्या छोट्या पट्टीवर छापलेला असतो, कुठल्या जागी ते गाडीबरोबरच्या पुस्तिकेत सापडते. टवक्याभोवती गंजाचा लालसर कडा आलेला असल्यास आधी तो काढून, प्रायमर देऊन मगच रंग भरावा. अन्यथा रंगाखाली गंज चालूच राहतो.

पिवळट डाग मात्र राहिला तर पुन्हा पुन्हा द्रावक लावल्याने तो जात नाही, कारण तो वर नसून रंगात मुरलेला असतो. सौम्य पॉलिश एकदा करून पाहावे. त्यानेही न गेल्यास तो तसाच सोडणे परवडते. दरवाजाच्या खालच्या भागातला पुसटसा डाग आणि पातळ झालेला क्लिअर कोट यांत डाग बरा.

ताज्या डांबरावरून जाण्याची वेळ आलीच तर वेग ३०-४० च्या आत ठेवावा आणि पुढच्या ट्रकपासून लांब राहावे. गाडीच्या चारी चाकांमागे मडफ्लॅप आहेत का ते प्रवासाआधी पाहावे. अनेक गाड्यांना ते मुळात नसतात आणि अल्प खर्चात बसवून मिळतात. निघण्यापूर्वी दरवाजांच्या खालच्या पट्ट्यावर वॅक्सचा जाडसर हात दिलेला असेल, तर परतल्यावर तेच ठिपके टर्पेंटाइनच्या एका बोळ्यात निघतात.